माहीतगार असण्याचे इंग्रजी शब्द : एक सामाजिक इतिहास

प्रस्तावना

इंग्रजी समानार्थी शब्दांच्या कोशात ‘माहितीने अद्ययावत असलेला’ या अर्थाची नोंद काढून पाहा. वेल-इन्फॉर्म्ड, कॉन्व्हर्संट, ओ फे, ओ कुरां, अब्रेस्ट, अप टू डेट, पोस्टेड, सॅव्ही, इन द नो, इन द लूप, हिप, वोक असे डझनभर शब्द तुम्हाला जवळजवळ दिलेले आढळतील. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी ते पाठ करतात आणि एकाच्या जागी दुसरा वापरतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र एक प्रश्न विचारायला हवा. एकाच गोष्टीसाठी एका भाषेला इतके शब्द का लागले?

या पाठात आपण त्याचे उत्तर शोधणार आहोत. यांतला प्रत्येक शब्द ज्या समाजात रुजला, तिथे माहिती कुठे साठत होती, तिच्यापर्यंत कोणाला पोहोचता येत होते आणि ती न मिळाल्यास कोणाचे नुकसान होत होते, याची खूण त्या शब्दात राहिलेली आहे. म्हणून हे शब्द माहितीच्या सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून वाचता येतात.

1. संगत, श्रवण आणि वाचन

सर्वांत जुन्या शब्दांपासून सुरुवात करू. ‘कॉन्व्हर्संट’ हा शब्द मध्ययुगीन इंग्रजीत फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आला. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘एखाद्याच्या सहवासात राहणे’ असा आहे. ज्या विषयाच्या किंवा माणसांच्या संगतीत तुम्ही राहिलात, त्याची तुम्हाला माहिती झाली, एवढाच त्याचा आशय. ‘इन्फॉर्म’ या क्रियापदाचा लॅटिन अर्थ ‘आकार देणे’ असा होता. त्यामुळे ‘वेल-इन्फॉर्म्ड’ या शब्दाच्या मुळाशी मनाला शिक्षणाने घडवण्याची कल्पना आहे. बातम्यांचा साठा हा अर्थ त्यावर नंतर चढला.

आपल्याकडचा ‘बहुश्रुत’ हा शब्द शेजारी ठेवून पाहा. ज्याने पुष्कळ ऐकले आहे तो बहुश्रुत. ज्ञान मुखोद्गत करून, गुरूकडून ऐकून मिळवण्याची परंपरा जिथे प्रबळ होती, तिथे जाणकार माणसाचे वर्णन कानावरून झाले. इंग्रजीत त्याच जागी ‘वेल-रेड’, म्हणजे पुष्कळ वाचलेला, हा शब्द आहे. ज्ञान मिळण्याचा मार्ग बदलला की जाणकाराचे नाव बदलते, हे या एका जोडीवरूनही लक्षात येते. अर्थात ऐकण्याचा अधिकारही सर्वांना नव्हता. स्त्रिया आणि शूद्र-अतिशूद्र मानलेल्या जाती यांना वेदश्रवणाची बंदी होती, हे ‘बहुश्रुत’ शब्द वापरताना विसरता येत नाही.

2. दिवाणखाना, कॉफीगृह आणि वृत्तपत्र

‘ओ फे’ आणि ‘ओ कुरां’ हे दोन फ्रेंच वाक्प्रचार अठराव्या शतकात इंग्रजीत आले. पहिल्याचा शब्दशः अर्थ ‘वस्तुस्थितीशी परिचित’ आणि दुसऱ्याचा ‘प्रवाहात असलेला’. त्या काळात युरोपच्या राजनैतिक व्यवहारात फ्रेंचचे वर्चस्व होते. फ्रान्स आणि पवित्र रोमन सम्राट यांच्यातला 1714 चा रास्टाटचा तह फ्रेंचमध्ये लिहिला गेला. श्रीमंत इंग्रज घराण्यांतले तरुण शिक्षणाचा भाग म्हणून युरोपचा दौरा करीत आणि पॅरिसच्या दिवाणखान्यांत वावरत. अशा वर्गाच्या तोंडी हे शब्द रुळले. त्यामुळे आजही इंग्रजीत ‘ओ कुरां’ म्हटले की बोलणाऱ्याच्या शिक्षणाचा आणि वर्गाचा थोडा दिमाख त्यात येतो.

‘कुरां’ म्हणजे धावणारा, चालू. याच मुळाचा एक शब्द इंग्रजीत आधीच येऊन पोहोचला होता. 1620 पासून अ‍ॅमस्टरडॅमला छापलेली इंग्रजी वार्तापत्रे लंडनमध्ये येऊ लागली. त्यांना ‘कोरांटो’ म्हणत. पुढे 11 मार्च 1702 रोजी लंडनमध्ये पहिले इंग्रजी दैनिक निघाले. त्याचे नाव ‘डेली कुरंट’, आणि ते एलिझाबेथ मॅलेट या स्त्रीने सुरू केले होते. प्रवाहात असणे म्हणजे माहिती असणे, ही कल्पना अशी वृत्तपत्रांच्या नावांतही उतरली.

वृत्तपत्र वाचण्याची जागा म्हणजे कॉफीगृह. लंडनमध्ये पहिले कॉफीगृह 1652 च्या सुमारास उघडले. तिथे एक पेनी देऊन बसता येई, वार्तापत्रे वाचता येत आणि चर्चा ऐकता येई. एडवर्ड लॉइड याच्या कॉफीगृहात जहाजांच्या बातम्या मिळत आणि त्यातूनच पुढे विम्याची प्रसिद्ध संस्था उभी राहिली. दुसऱ्या चार्ल्स राजाला या गप्पांची धास्ती वाटली. डिसेंबर 1675 मध्ये त्याने कॉफीगृहे बंद करण्याचा जाहीरनामा काढला, पण विरोध इतका झाला की पंधरा दिवसांच्या आत तो मागे घ्यावा लागला. लोकांना माहिती मिळणे ही राज्यकर्त्यांना तेव्हाही गैरसोयीची गोष्ट होती.

बंदी जमली नाही तेव्हा कर आला. 1712 पासून ब्रिटनमध्ये वृत्तपत्रांवर मुद्रांक शुल्क बसले. 1815 मध्ये ते प्रत्येक प्रतीमागे चार पेन्सपर्यंत गेले. मजुराला रोजचे वृत्तपत्र परवडणे अशक्य झाले. सुधारकांनी अशा करांना ‘ज्ञानावरील कर’ हे नाव दिले. हेन्री हेदरिंग्टन याने 1831 मध्ये ‘पुअर मॅन्स गार्डियन’ हे पत्र मुद्रांक न लावता एका पेनीला विकायला सुरुवात केली. अशी बेकायदा पत्रे विकल्याबद्दल शेकडो लोक तुरुंगात गेले. 1836 मध्ये शुल्क एका पेनीवर आले आणि 1855 मध्ये ते रद्द झाले. ‘वेल-इन्फॉर्म्ड’ हे सद्गृहस्थाचे विशेषण होते तेव्हा ते कोणाच्या खिशाला परवडत होते, हे या करावरून समजते.

भारतात इंग्रजी वृत्तपत्रांची सुरुवात 29 जानेवारी 1780 रोजी कलकत्त्यात हिकीच्या ‘बेंगॉल गॅझेट’ने झाली. ही माहिती प्रामुख्याने युरोपीय वाचकांपुरती होती. बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. त्यात मराठी आणि इंग्रजी असे दोन स्तंभ शेजारी शेजारी छापले जात. राज्यकर्त्यांच्या भाषेतली माहिती आणि रयतेच्या भाषेतली माहिती एका पानावर आणण्याचा तो प्रयत्न होता.

3. खतावणी, जहाज आणि तार

एकोणिसाव्या शतकात माहितीचे केंद्र दिवाणखान्यातून पेढीकडे सरकले. त्याबरोबर नवे शब्द आले. ‘कीप मी पोस्टेड’ हा प्रयोग तुम्ही रोज ऐकता. अनेकांना वाटते की त्याचा संबंध टपालाशी आहे. हा अर्थ मात्र हिशेबनिसांच्या भाषेतून आला. रोजकीर्दीतली नोंद खतावणीत चढवण्याला इंग्रजीत ‘पोस्ट करणे’ म्हणतात. मराठीत आपण त्याला खतावणे म्हणतो. ज्याची खतावणी पूर्ण आहे त्याचा हिशेब ‘पोस्टेड अप’. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत हाच प्रयोग माणसाला लागू झाला. ज्याच्या डोक्यातल्या नोंदी पूर्ण आहेत तो ‘पोस्टेड’.

‘अप टू डेट’चा उगमही बहुधा हिशेबाच्या वहीतच आहे. आजच्या तारखेपर्यंत लिहून झालेली वही ती ‘अप टू डेट’. शतकाच्या अखेरीस हा शब्द ताजी माहिती असलेल्या माणसासाठी आणि मग नव्या फॅशनसाठीही वापरला जाऊ लागला. आपला ‘अद्ययावत’ हा शब्द नेमका तोच अर्थ सांगतो. अद्य म्हणजे आज आणि यावत् म्हणजे पर्यंत.

‘अब्रेस्ट’ याहून जुना आहे. छातीला छाती लावून एका रांगेत चालणे, असा त्याचा अर्थ. समोरासमोर न येता एका ओळीत जाणाऱ्या जहाजांसाठीही तो वापरतात. घटनांच्या बरोबरीने चालत राहणे हा अर्थ त्यातून आला. ‘अप टू डेट’मध्ये माहिती वहीत स्थिर आहे, तर ‘अब्रेस्ट’मध्ये ती पुढे धावते आहे आणि तुम्हाला तिच्याबरोबर राहायचे आहे, हा फरक लक्षात ठेवा.

ही धाव तारयंत्राने वाढवली. रॉयटरने 1851 मध्ये लंडनमध्ये कार्यालय उघडले, ते प्रामुख्याने बाजारभाव पुरवण्यासाठी. माहिती उशिरा मिळणे म्हणजे काय, याचा अनुभव मुंबईने त्याच सुमारास घेतला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि भारतीय कापसाचे भाव अफाट वाढले. मुंबईत पैशाचा पूर आला. नव्या बँका आणि जमीन भरून काढणाऱ्या कंपन्या निघाल्या, शेअरचा सट्टा चालला. 1865 मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि पेढ्या बुडाल्या. त्या काळात दूरच्या बाजाराची बातमी कोणाला आधी कळते यावर दिवाळे आणि नफा ठरत असे. 1870 मध्ये सुएझ आणि एडनमार्गे मुंबई समुद्राखालच्या तारेने इंग्लंडशी जोडली गेली. बातमी आठवड्यांऐवजी तासांत येऊ लागली. ती विकत घेण्याची ऐपत मात्र मोठ्या पेढ्यांची आणि सरकारचीच होती. कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या घरी ती तार येत नव्हती.

4. वसाहतीतून गेलेले शब्द

जाणकारीचे काही इंग्रजी शब्द वसाहतींतून आलेले आहेत. ‘सॅव्ही’ हा शब्द बंदरांवरच्या आणि मळ्यांवरच्या मिश्र बोलींतून इंग्रजीत शिरला. खलाशी, व्यापारी आणि गुलाम म्हणून आणलेली माणसे यांच्या व्यवहारात ‘जाणणे’ या अर्थाच्या पोर्तुगीज-स्पॅनिश क्रियापदाचे ते रूप घडले. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘चव घेणे’ असाही होता. शाळेत न शिकता अनुभवाने आलेली हुशारी, हा भाव ‘सॅव्ही’मध्ये अजून टिकून आहे.

दुसरा शब्द आपला ‘पंडित’. इंग्रजीत तो ‘पंडिट’ झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या न्यायालयांत हिंदू कायदा सांगण्यासाठी पंडित नेमलेले असत. 1864 मध्ये ही पदे रद्द झाली. ब्रिटिशांनी छापील निवाडे आणि संहिता यांच्या रूपाने ते ज्ञान आपल्या ताब्यात घेतले होते. त्याच दशकात भारतीय सर्वेक्षण खात्याने तिबेटमध्ये पाठवलेल्या हेरांनाही ‘पंडिट’ म्हटले. कुमाऊंमधले शाळामास्तर नैनसिंह रावत यात्रेकरूच्या वेशात जानेवारी 1866 मध्ये ल्हासाला पोहोचले. 108 ऐवजी 100 मण्यांची माळ ओढत त्यांनी पावले मोजली आणि टिपणे प्रार्थनाचक्रात लपवली. 1877 मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. पण नकाशे साम्राज्याच्या कामाचे होते. माहिती गोळा करणारा आणि तिचा मालक हे वेगळे असू शकतात, हे या उदाहरणातून शिकण्यासारखे आहे. आज टीव्हीवर निवडणुकीचे अंदाज सांगणाऱ्याला इंग्रजीत ‘पंडिट’ म्हणतात आणि त्यात कौतुकापेक्षा टोमणाच अधिक असतो.

तिसरे उदाहरण दुसऱ्या महायुद्धातले. ब्रिटिश हवाई दलात माहितीला ‘जेन’ हा बोलभाषेतला शब्द होता. खोट्या बातमीला ‘डफ जेन’ आणि खात्रीच्या बातमीला ‘पक्का जेन’ म्हणत. इथला ‘पक्का’ आपला पक्काच आहे. भारतात राहिलेल्या इंग्रजांनी तो आपल्या भाषेत नेला होता.

5. वर्तुळाच्या आत आणि बाहेर

विसाव्या शतकात सरकारे, सैन्ये आणि कंपन्या अवाढव्य झाल्या. माहिती आता फायलींत आणि बंद दाराच्या बैठकांत राहू लागली. ‘इन द नो’ हा प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा, तर ‘इन द लूप’ त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी रूढ झालेला. दोन्हींत ‘आत’ हा शब्द आहे. माहिती असणे म्हणजे एका वर्तुळात असणे, आणि वर्तुळ म्हटले की त्याच्या बाहेरची माणसेही आली.

गंमत अशी की कधी कधी बाहेर असणेही सोयीचे ठरते. 1986 मध्ये अमेरिकेत इराण-काँट्रा प्रकरण उघडकीस आले. अमेरिकी सरकारने इराणला गुपचूप शस्त्रे विकली होती आणि त्यातला पैसा निकाराग्वातल्या बंडखोरांकडे वळवला होता. उपराष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी 1987 मध्ये आपण त्या ‘लूप’मध्ये नव्हतो, असा बचाव केला. ऑक्टोबर 1992 मध्ये माजी संरक्षणमंत्री कॅस्पर वाइनबर्गर यांची जुनी टिपणे बाहेर आली. जानेवारी 1986 च्या बैठकीत बुश यांनी या व्यवहाराला अनुकूलता दाखवल्याची नोंद त्यांत होती. माहिती नसणे ही सामान्य माणसाची अडचण असते. सत्ताधाऱ्याला तीच गोष्ट जबाबदारी टाळण्यासाठी वापरता येते.

6. जागे राहण्याची भाषा

आतापर्यंतचे बहुतेक शब्द माहिती ज्यांच्या हाती होती त्यांचे होते. ‘हिप’ आणि ‘वोक’ हे कृष्णवर्णीय अमेरिकी लोकांच्या बोलीतून पसरलेले शब्द आहेत. ‘हिप’ आणि त्याचे ‘हेप’ हे रूप विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिसू लागते आणि जॅझ संगीताबरोबर पसरते. गायक कॅब कॅलोवे यांनी 1938 मध्ये या बोलीचा एक छोटा शब्दकोश छापला. आपल्या बोलीची नोंद आपणच करायची, ही गोष्ट तेव्हा साधी नव्हती.

‘वोक’ म्हणजे जागा. 1931 मध्ये अलाबामा राज्यात नऊ कृष्णवर्णीय मुलांवर बलात्काराचा खोटा आरोप ठेवून त्यांतल्या आठ जणांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. स्कॉट्सबरो खटला म्हणून हे प्रकरण ओळखले जाते. दीर्घ लढ्यामुळे त्या फाशी टळल्या. गायक लेड बेली यांनी 1938 मध्ये त्यावरील गाण्याच्या ध्वनिमुद्रणात, त्या भागातून जाणाऱ्या आपल्या लोकांना जागे राहण्याचा सल्ला दिला. तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कोणत्या गावात मुक्काम करावा आणि कोणत्या रस्त्याने जाऊ नये, ही माहिती कृष्णवर्णीय प्रवाशासाठी जीवनमरणाची होती. म्हणूनच व्हिक्टर ग्रीन यांनी 1936 पासून त्यांच्यासाठी सुरक्षित हॉटेले आणि दुकाने सांगणारी ‘ग्रीन बुक’ ही मार्गदर्शिका काढली.

1962 मध्ये लेखक विल्यम मेल्व्हिन केली यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये या बोलीवर लेख लिहिला आणि त्याच्या शीर्षकातच ‘वोक’ वापरला. 2014 मध्ये फर्ग्युसन येथे पोलिसांच्या गोळीने मायकल ब्राउन या तरुणाचा मृत्यू झाल्यावर आंदोलकांनी तो जगभर नेला. 2017 मध्ये ऑक्सफर्ड कोशाने हा अर्थ नोंदवला. त्यानंतर विरोधकांनी तोच शब्द उपहासासाठी वापरला, आणि 2022 मध्ये फ्लोरिडा राज्याने केलेल्या एका कायद्याच्या प्रचलित नावातही तो त्याच सुरात आला. शब्द ज्यांच्या गरजेतून घडला, त्यांच्या हातून तो कसा निसटतो हे यात दिसते.

मराठी वाचकाला यासाठी जवळचे उदाहरण आहे. ‘खबरदार’ हा फारसी शब्द. ज्याच्याकडे खबर आहे तो खबरदार. पण मराठीत तो धोक्याची सूचना आणि पुढे धमकी म्हणून स्थिरावला. माहिती आणि सावधपणा यांचे नाते दोन्ही भाषांनी ओळखले आहे.

7. विशेषणाकडून अधिकाराकडे

‘इन्फॉर्म्ड’ या शब्दाची अलीकडची वाटचाल भारतात झाली आहे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर 1994 मध्ये कोट किराना गावात पहिली जनसुनावणी घेतली. सरकारी कामांची हजेरीपत्रके आणि बिले गावकऱ्यांसमोर वाचून दाखवली गेली. जी नावे आणि कामे कागदावर होती, ती प्रत्यक्षात होती की नाही हे गावालाच ठाऊक होते. मजुरी बुडालेल्या माणसाला कागद पाहायला मिळणे किती महत्त्वाचे आहे, हे त्या चळवळीने दाखवले. अनेक राज्यांनी पुढे कायदे केले, त्यांत महाराष्ट्रही होता. 2005 च्या केंद्रीय माहिती अधिकार कायद्याच्या उद्देशिकेत लोकशाहीसाठी माहितीसंपन्न नागरिक आवश्यक असल्याचे म्हटले आहे आणि इंग्रजी पाठात त्यासाठी ‘इन्फॉर्म्ड’ हाच शब्द आहे. एकेकाळी सद्गृहस्थाचे भूषण असलेले विशेषण इथे रोजंदारीवरच्या मजुराचाही हक्क सांगते.

8. शब्दांना साधन म्हणून वापरताना

शब्दांचा इतिहास वापरताना दोन पथ्ये पाळा. पहिले, छापील पुराव्याचे वर्ष हे शब्दाच्या जन्माचे वर्ष नसते. बोलीतला शब्द, विशेषतः लिहिण्या-छापण्याची साधने नसलेल्या लोकांचा, कोशात फार उशिरा येतो. ‘वोक’ त्याचे उदाहरण आहे. दुसरे, व्युत्पत्तीच्या आकर्षक गोष्टींवर विश्वास ठेवू नका. ‘न्यूज’ हा शब्द चार दिशांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांपासून बनला, असे अनेक ठिकाणी सांगितले जाते. ते खोटे आहे. ‘न्यू’ म्हणजे नवे, आणि ‘न्यूज’ म्हणजे नव्या गोष्टी.

सारांश

माहीतगार असण्याचे इंग्रजी शब्द संगत, दिवाणखाना, वृत्तपत्र, खतावणी, वसाहत, बंद बैठक आणि रस्ता अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून आले. कोशात ते समानार्थी असले तरी त्यांच्यामागची माणसे समान स्थितीत नव्हती. काहींना माहिती सहज मिळत होती, काहींना तिच्यासाठी तुरुंगात जावे लागले, आणि काहींचा जीव तिच्यावर अवलंबून होता.

विचारासाठी प्रश्न

1. ‘पोस्टेड’ आणि ‘अप टू डेट’ हे शब्द हिशेबाच्या वहीतून आले, यावरून एकोणिसाव्या शतकातील माहितीच्या स्वरूपाबद्दल काय अनुमान काढता येते?
2. ‘ज्ञानावरील कर’ आणि आजचा इंटरनेटचा खर्च यांची तुलना कितपत योग्य ठरेल?
3. तुमच्या बोलीत जाणकार माणसासाठी कोणते शब्द आहेत? ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहा आणि ते कोणत्या व्यवसायातून किंवा भाषेतून आले असावेत, याचा शोध घ्या.